शून्याची पाटी

स्कोअरबोर्डाच्या पोटात माझी जागा,
पत्र्याची, दुपारी तव्यासारखी.
समोर विटेएवढी फट.
तिच्यातून दिसतं तेवढं मैदान माझं.
एकतीस उन्हाळे इथे बसून आकडे टांगतोय,
वरच्या ओळीत पाहुणे,
खालच्या ओळीत आपण.

आपल्या शून्याचा रंग टिकत नाही.
दर एप्रिलला नवा हात मारावा लागतो.
एक, दोन, तीन यांचे कोपरे उडालेत,
आठ मात्र कारखान्यातून आला तसा, करकरीत.
त्याच्या खिळ्यामागे एका पाखरानं
काड्या आणून घरटं केलं.
पाखरालाही हिशेब कळतो.

गावात ज्याच्या त्याच्याकडे कारण आहे.
साबो न्हावी म्हणतो, तळ्यावरचा वारा.
सहाव्या डावानंतर तो फिरतो
आणि कुंपणापार निघालेला बॉल
अलगद उचलून पाहुण्यांच्या हातात ठेवतो.
(पाहुण्यांच्या बॉलला हात का लावत नाही,
हे साबोला विचारू नये. वस्तरा त्याच्या हातात असतो.)
कोणी म्हणतं, गिरणीचा भोंगा बंद झाला तेव्हापासून.
कोणी म्हणतं, पिकतं तिथं विकत नाही.
आपल्या गल्लीत कुत्रंही वाघ असतं म्हणे;
आमच्या संघाचं तर नावच बुलडॉग्ज,
आणि गल्ली हीच.

मी फक्त फटीतलं सांगतो.

टिबोर हालास बॅट घेऊन उभा राहतो
तेव्हा तिसऱ्या रांगेत त्याचा बाप असतो,
मटणाचं दुकान लवकर मिटून आलेला,
ॲप्रनची घडी मांडीवर.
तो ओरडत नाही.
टोपी काढतो. टोपी घालतो.
टिबोर बॉलकडे बघतच नाही,
टोपीकडे बघतो.

आणि एदिल्सन, समुद्रापलीकडून आलेला पिचर,
ओर्सोल्याबाईंच्या माडीवर भाड्यानं राहतो.
ती त्याला रात्री उरलेलं सूप गरम करून देते.
तो हात मागे नेतो
आणि ती डोळे घट्ट मिटून घेते.
आपल्यासाठी कुणी डोळे मिटलेले दिसले,
की कुणाचा खांदा सैल राहील?

परगावी शिव्या पडतात.
शिव्यांचं काय, आंघोळीच्या पाण्यासारख्या निघून जातात.
इथे उसासा पडतो,
चारशे माणसांचा एक,
आणि त्यातला कुठला कुणाचा
हे त्या पोरांना पाठीमागूनही ओळखता येतं.

ते दौऱ्यावर गेले की मला सुट्टी असते.
तरी येतो.
रेडिओ मांडीवर घेतो, मैदान मोकळं,
आणि तिकडचे आकडे इकडे टांगतो,
आपले खालच्याच ओळीत, कारण नाव तिथेच रंगवलंय.
एकूण एक जिंकलेला सामना
या मैदानानं असाच पाहिलाय,
माणसं नसताना.

परवा फेअरलॉकला, पाचव्या डावात,
एकदम आठ धावा.
रेडिओवाल्याचा आवाज चिरकला.
शेवटचा फटका टिबोरचा.
मी आठाकडे हात नेला.
पाखरानं माझ्याकडे पाहिलं.
तिच्या पोटाखालून चार चोची वर आल्या.

हात मागे घेतला.
चार टांगला, शेजारी आणखी एक चार.

खाली ओटमार गवताला पाणी देत होता.
मान वर करून म्हणाला, "चव्वेचाळीस?"
म्हटलं, "हो."
त्यानं नळ बंद केला.
रिकाम्या मैदानाकडे तोंड करून
बराच वेळ उभा राहिला, पाइप हातात धरून,
थेंब थेंब बुटावर.

शुक्रवारी त्यांची बस आली.
तोवर मी दोन्ही चार उतरवले होते.
शून्याला नवा हात मारून ठेवला होता,
अजून ओला होता.